पत होती, साक्ष नव्हती

‘नोकऱ्यांच्या मागे कशाला लागता? धंदा काढा. खिशात पैसा खुळखुळायला लागला की जात कोणी विचारत नाही.’ हा सल्ला मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. लग्नाच्या पंगतीत ऐकला, उद्योजकांच्या मेळाव्यात ऐकला, आणि आरक्षणाचा विषय निघाला की आजही हमखास ऐकतो. देणारी माणसे बहुतेक वेळा चांगल्या मनाची असतात, आणि धंद्याला माझा विरोध असण्याचे कारण नाही. पण या सल्ल्याच्या पोटात एक दावा आहे: बाजारात सगळे सारखे, तेव्हा हक्कांच्या भांडणात आयुष्य घालवू नका, पैसा मिळवा, मान आपोआप मिळेल. हा दावा तपासायचा तर असा माणूस हवा, ज्याने तो अक्षरशः जगून पाहिला. कोणाशी भांडण नाही, चळवळ नाही, सभा नाही; पहाटे दुकान उघडायचे आणि रात्री हिशेब लिहायचा. असा एक माणूस होऊन गेला, आणि त्याने जवळजवळ सोळा वर्षांची रोजनिशी मागे ठेवली. तो न्हावी होता.

विल्यम जॉन्सन १८०९ साली अमेरिकेच्या दक्षिणेत, मिसिसिपी नदीकाठच्या नॅचेझ गावात गुलाम म्हणून जन्मला. आईचे नाव एमी. तिच्या मालकाचे नावही विल्यम जॉन्सन, आणि मुलाचा बाप बहुधा तोच. त्याने एमीला १८१४ मध्ये मुक्त केले. मुलाला मुक्त करायला मात्र मिसिसिपीच्या विधिमंडळाकडे अर्ज करावा लागला, आणि १८२० मध्ये, मुलगा अकरा वर्षांचा असताना, तो मंजूर झाला. त्या अर्जात लिहिले आहे की स्वातंत्र्य हा सर्वांचा जन्मसिद्ध हक्क आहे, आणि या स्वातंत्र्याच्या भूमीत कातडीचा रंग, रूढी आणि कायदाही मिळून एका विचारी जिवाच्या पायात बेड्या ठोकतात. आपल्याच गुलामाला सोडण्यासाठी गोऱ्या मालकाने लिहिलेले हे शब्द आहेत. कायदा काय करतो हे तिथे सगळ्यांना पक्के ठाऊक होते, एवढे यातून कळते.

मुलगा वस्तरा धरायला शिकला तो बहिणीच्या नवऱ्याकडे. जेम्स मिलर हा मुक्त कृष्णवर्णीय न्हावी नॅचेझमध्ये दुकान चालवत असे. शिकून झाल्यावर पोराने जवळच्या पोर्ट गिब्सनमध्ये स्वतंत्र धंदा केला आणि बावीस महिन्यांत हजारावर डॉलर मिळवले. १८३० मध्ये मिलर न्यू ऑर्लिन्सला निघाला, तेव्हा त्याचे दुकान जॉन्सनने तीनशे डॉलरला घेतले. वय एकवीस.

गोऱ्यांच्या गावात दाढी-कटिंगचा धंदा काळ्या माणसाच्या हाती कसा राहिला, हे आपल्याला समजायला कठीण जाऊ नये. दुसऱ्याच्या तोंडाला साबण लावणे, त्याच्या अंगाशी झटणे हे चाकरीचे काम, म्हणून दक्षिणेतल्या गोऱ्या माणसाला ते कमीपणाचे वाटे. जे काम वरच्याला हलके वाटते, तेच खालच्याची मिरासदारी होते. नॅचेझ त्या काळी कापसाच्या पैशाने फुगलेले गाव होते. टेकडीवर मळेवाल्यांचे खांबांचे वाडे, खाली धक्क्यावर आगबोटी आणि गुत्ते, आणि गावाच्या वेशीवर, जिथे रस्त्याला फाटे फुटत, तिथे दक्षिणेतल्या सर्वांत मोठ्या गुलामबाजारांपैकी एक. जॉन्सनच्या खुर्चीत मळेवाले बसत, वकील बसत, न्यायाधीश बसत. मान मागे टाकून, डोळे मिटून, गळा उघडा करून. ज्या माणसाची साक्ष त्यांच्याविरुद्ध न्यायालयात चालत नव्हती, त्याच्या हातातला वस्तरा ते रोज सकाळी आपल्या गळ्यावरून फिरवून घेत.

आणि हा माणूस धंद्यात फार हुशार होता. मुख्य दुकानाला त्याने शाखा जोडल्या. दुकानाच्या जोडीला स्नानगृह काढले. अत्तरे, पाकिटे, खेळणी विकली. खोल्या भाड्याने दिल्या, घोडागाडी भाड्याने दिली. गोऱ्या गिऱ्हाइकांना व्याजाने पैसे दिले आणि वेळेवर वसूलही केले. कोणी बुडवू लागला तर दावा लावून वसूल केले. कर्जाच्या दाव्यात हे जमत होते, कारण तिथे सही केलेली चिठ्ठी बोलते, माणसाला बोलावे लागत नाही. १८३९ च्या आगीत स्टेट स्ट्रीटवरचे घर जळाले. ७ मे १८४० ला नॅचेझवर जे चक्रीवादळ आले त्यात ३१७ माणसे गेल्याची नोंद आहे, आणि गावाचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. त्या पडझडीतल्या विटा घेऊन जॉन्सनने आपले पक्के घर उभे केले. ते घर अजून उभे आहे, संग्रहालय म्हणून.

रात्री तो लिहीत बसे. १८३५ च्या ऑक्टोबरात सुरू केलेली रोजकीर्द हळूहळू रोजनिशी झाली. चामडी बांधणीच्या चौदा वह्या. कोणाची किती बाकी, कोणत्या घोड्याने शर्यत मारली, रस्त्यात कोणाची मारामारी झाली, आपण शिकारीला गेलो तेव्हा काय हाती लागले, निवडणुकीत कोण आले. मतदानाचा हक्क नसलेला माणूस निवडणुकांचे निकाल टिपून ठेवत होता. नाटकाला गेला तर बसायचे वरच्या सज्जात, काळ्यांच्या जागेवर. ज्यांना त्याने कर्ज दिले होते ते खाली बसलेले असत.

या माणसाकडे गुलाम होते. मृत्यूच्या वेळी पंधरा. ही गोष्ट मी कंसात किंवा शेवटी सांगणार नाही, कारण माझ्या म्हणण्याच्या ती मध्यावर आहे. जो स्वतः गुलाम म्हणून जन्मला, त्याने माणसे विकत घेतली, त्यांच्याकडून दुकानात आणि पुढे शेतावर काम करून घेतले, त्यांना फटके मारले आणि फटके मारल्याची नोंदही केली. त्यांच्यातला एक स्टीव्हन. दारू प्यायचा, पळून जायचा, धरून आणला जायचा. १८४३ च्या ३१ डिसेंबरला जॉन्सन लिहितो की आजचा दिवस फार दुःखाचा गेला, स्टीव्हनला विकल्यामुळे डोळ्यांत वारंवार पाणी आले. त्या संध्याकाळी नदीपार नेणारी बोट परत आली नाही, स्टीव्हन तेवढ्यात पिऊन आला, म्हणून त्याला घरी नेऊन माळ्यावर निजवले. दुसऱ्या दिवशी, नव्या वर्षाच्या सकाळी, धक्क्यावर नेऊन त्याला नव्या मालकाच्या मुकादमाच्या हवाली केले. जाताना त्याला पँटचे पट्टे दिले, मोज्यांचा एक जोड दिला, दोन चिरूट दिले, आणि हात मिळवला. मनाला लागले, असे तो लिहितो, पण दोष दारूचा आहे.

हा मजकूर मी पुष्कळदा वाचला आहे. यात ढोंग नाही. त्या माणसाला खरोखर रडू आले होते, आणि त्याने खरोखर माणूस विकला होता. त्याला खलनायक ठरवून सुटका करून घेणे मला पटत नाही, आणि ‘तो काळच तसा होता’ म्हणून पांघरूण घालणे त्याहून पटत नाही. स्टीव्हनही त्याच काळात जगत होता, आणि काळ कसा आहे यावर त्याचे मत तो पुन्हा पुन्हा पळून जाऊन सांगत होता. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्याला श्रेणीबद्ध विषमता हा शब्द दिला. नुसत्या विषमतेत वरचे आणि खालचे असे दोनच गट असतात, आणि खालचे सगळे एक होऊ शकतात. श्रेणी असली की प्रत्येक पायरीवरच्याला आपल्या खाली कोणीतरी आहे एवढे समाधान मिळते, आणि शिडी मोडण्यात त्याचेही नुकसान असते. बाबासाहेबांनी हे जातीविषयी मांडले. नॅचेझमध्ये ते रंगाच्या शिडीवर तसेच लागू पडते. व्यापाराने जॉन्सनला शिडी मोडायला शिकवले नाही, चढायला शिकवले. गुलाम हे त्या गावात प्रतिष्ठेचे आणि गुंतवणुकीचे साधन होते, आणि यशस्वी व्यापारी जिथे सगळे पैसे गुंतवतात तिथेच गुंतवतो. बाजाराकडून समतेची अपेक्षा धरणाऱ्यांनी या पंधरा माणसांचा विचार केला पाहिजे. बाजारानेच त्यांची किंमत ठरवली होती.

बरे, एवढे सगळे करून जॉन्सन स्वतः तरी सुरक्षित झाला का?

१८३१ मध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नर या गुलामाच्या नेतृत्वाखाली गुलामांचे बंड झाले आणि दक्षिणेतले गोरे मालक हादरले. मिसिसिपीने कायदा केला की मुक्त काळ्यांनी राज्य सोडून जावे. राहायचे असेल तर वर्तणूक चांगली असल्याचे न्यायालयाला पटवून परवाना घ्यावा. पुढे काही वर्षे तो सैल पाळला गेला. १८४१ च्या उन्हाळ्यात नॅचेझच्या गोऱ्यांच्या अंगात पुन्हा आले. ज्यांचे सगळे आयुष्य त्या गावात गेले होते अशी माणसे कागद घेऊन गोऱ्यांच्या दारोदार सह्या मागत फिरू लागली: हा बरा माणूस आहे, याला राहू द्या. काहींना राहू दिले, काहींना हाकलले. जॉन्सनने आपल्या वहीत याला ‘इन्क्विझिशन’ म्हटले आहे, युरोपातल्या त्या जुन्या धर्मचौकशीचे नाव. तो स्वतः वाचला. गावातल्या मोठ्या माणसांच्या दाढ्या तो करत होता, त्यांना उधार देत होता, त्यामुळे त्याच्याविषयी चांगले बोलणाऱ्यांची वाण नव्हती. पण ही मेहेरबानी होती. हक्क मागायला सह्या गोळा कराव्या लागत नाहीत. १८४० च्या जनगणनेत मिसिसिपीत मुक्त काळे १,३६६ होते. १८६० मध्ये ७७३ उरले. त्याच वर्षी त्या राज्यात गुलाम होते ४,३६,६३१.

जॉन्सनचे वय चाळिशीकडे झुकल्यावर त्याला जमिनीची ओढ लागली. व्यापारात पैसा मिळाला की शेत घ्यायचे ही ओढ आपल्याकडच्या माणसाला निराळी समजावून सांगायला नको. गावाच्या दक्षिणेला नदीकाठच्या दलदलीत त्याने जमीन घेतली, लाकूडतोड सुरू केली. शेजारी बेलर विन नावाचा माणूस. बांधावरून वाद सुरू झाला. हद्द कुठली, लाकूड कोणाचे. जॉन्सनने शहाण्या माणसाने करावे ते सगळे केले: मोजणी आणली, न्यायालयात गेला, आणि शेवटी तडजोडही केली. १६ जून १८५१ च्या संध्याकाळी तो शेतावरून घोड्याने परतत असताना झाडीतून गोळी आली. सोबत त्याचा मुलगा होता, दुकानात काम शिकणारा एक पोऱ्या होता आणि एक गुलाम होता. दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. जाण्यापूर्वी त्याने विनचे नाव घेतले.

गावाला धक्का बसला. स्थानिक वृत्तपत्राने मृताविषयी आदराने लिहिले. विनला अटक झाली. सोबतची तिघेही जण काळे होते, आणि मिसिसिपीत काळ्या माणसाची साक्ष गोऱ्याविरुद्ध चालत नव्हती. नॅचेझमध्ये विनला बहुतेक लोक मिश्र वंशाचाच समजत, जॉन्सनही समजे. पण बचावाने सांगितले की आमच्या अशिलाच्या अंगात आफ्रिकी रक्ताचा थेंब नाही, असलेच तर गोऱ्यांचे आणि रेड इंडियनांचे आहे. झाले! एका माणसाचा दिवसाउजेडी खून झाला, मरणाऱ्याने मारणाऱ्याचे नाव सांगितले, आणि न्यायालय महिनोन् महिने शोधत बसले ते आरोपीचे आजे-पणजे कोणत्या रंगाचे होते. ज्युरीचे एकमत होईना. सुमारे दोन वर्षांनी विन सुटला.

जॉन्सनची मालमत्ता पंचवीस हजार डॉलरच्या घरात होती. गावात त्याला ओळखत नाही असा माणूस नव्हता. त्याची पत इतकी, की तो शब्दावर पैसे देऊ शकत होता आणि शब्दावर घेऊ शकत होता. यातल्या कशालाही त्या न्यायालयात किंमत नव्हती, कारण तिथे लागत होती ती गोष्ट विकत मिळत नाही. डोळ्यांनी पाहिले ते तोंडाने सांगण्याचा हक्क कायदा देतो किंवा नाकारतो. वीस वर्षे त्याने दुकान, घर, शेत, गुलाम, हिशेब सगळे जमवले, आणि आपल्या मुलाला आपल्या खुनाची साक्ष देता येईल एवढी एक गोष्ट त्याला जमवता आली नाही. ती एकट्याने जमवायची गोष्टच नव्हती.

ती मिळाली त्याच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी. मध्ये यादवी युद्ध झाले, गुलामगिरी गेली, आणि १८६६ च्या नागरी हक्क कायद्यात अमेरिकेच्या काँग्रेसने लिहिले की वंश आणि रंग कोणताही असो, प्रत्येक नागरिकाला करार करण्याचा, दावा लावण्याचा आणि साक्ष देण्याचा सारखाच हक्क राहील. साक्षीचा वेगळा उल्लेख केला, कारण ती नसली की बाकीचे हक्क कसे निकामी होतात हे नॅचेझसारख्या शेकडो गावांनी दाखवून दिले होते. त्याच वर्षी नॅचेझमध्ये हायरम रेव्हेल्स नावाचा धर्मोपदेशक राहायला आला. हाही तरुणपणी न्हावी होता. नॉर्थ कॅरोलायनात भावाच्या हाताखाली शिकलेला. तो आधी नॅचेझच्या नगरपालिकेत गेला, मग राज्याच्या विधिमंडळात, आणि २५ फेब्रुवारी १८७० रोजी तो अमेरिकेच्या सिनेटमध्ये बसला, पहिला कृष्णवर्णीय सिनेटर म्हणून. विरोधकांचा आक्षेप होता की सिनेटर व्हायला नऊ वर्षे नागरिक असावे लागते आणि हा तसा नाही, कारण १८६८ पर्यंत काळा माणूस नागरिकच नव्हता. ४८ विरुद्ध ८ मतांनी आक्षेप फेटाळला गेला. जॉन्सनला त्याच गावात आयुष्यभर मत देता आले नव्हते. वस्तरा दोघांच्याही हातात होता. दोघांच्या मधल्या काळात बदलला तो कायदा.

तीन वर्षांनी, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतल्या त्या सज्जन लोकांना अर्पण केले, ज्यांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी निःस्वार्थपणे झीज सोसली. मला इथे जोतीरावांच्या एका बाजूची आठवण करून द्यायची आहे, कारण ती आपण विसरतो. ते स्वतः व्यापारी होते. बांधकामाची कंत्राटे घेत, कंपनी चालवत, भाजीपाल्याचा व्यापारही करत. पैसा कसा मिळवायचा हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. तरी १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन केले ते शूद्रातिशूद्रांच्या प्राथमिक शिक्षणासाठी. आणि बाबासाहेबांनी परदेशातून परतल्यावर मुंबईत शेअर्सविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय काढून पाहिला होता. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक थांबले. १९१९ मध्ये तेच बाबासाहेब मताधिकाराचा विचार करणाऱ्या साऊथबरो समितीपुढे साक्षीला उभे राहिले आणि मताधिकार मागितला. ‘धंदा करा, जात कोणी विचारत नाही’ हे वाक्य त्यांना सांगण्याचे धाडस कोणी करणार आहे काय?

पैशाने काहीच होत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. ते खोटे होईल. जॉन्सनच्या पैशाने त्याची मुले शिकली. नवरा गेल्यावर ॲन जॉन्सनने मोठा संसार तोलून धरला. मुलगे दुकान चालवत राहिले, आणि युद्धानंतर मुली शिक्षिका झाल्या. घर हातात राहिले म्हणून माळ्यावरच्या वह्या टिकल्या, १९३८ मध्ये विद्यापीठाच्या हाती गेल्या आणि १९५१ मध्ये, खुनाला शंभर वर्षे होताना, छापल्या गेल्या. गरिबाची रोजनिशी वाळवी खाते. स्टीव्हनची तर नव्हतीच. तेव्हा पैसा हवा. माझा आक्षेप आहे तो सौद्याला: हक्क बाजूला ठेवा, त्या बदल्यात सुखाने धंदा करू देतो, या बोलीला.

हा सौदा मिसिसिपीत एकदा उघडपणे झालेला आहे. १८९० मध्ये तिथल्या गोऱ्या पुढाऱ्यांनी नवी राज्यघटना लिहायला परिषद भरवली. काळ्यांची मते काढून घेणे हाच हेतू होता आणि तो कोणी लपवला नाही. १३४ सभासदांत एकच कृष्णवर्णीय होता: आयझाया मॉन्टगोमरी. गुलाम म्हणून जन्मलेला, व्यापारात वर आलेला, तीनच वर्षांपूर्वी माउंड बायू हे फक्त कृष्णवर्णीयांचे गाव वसवणारा. आपल्या माणसांना शांतपणे कापूस पिकवू द्यावा, दुकाने चालवू द्यावीत, या आशेने त्याने मतदानावरच्या निर्बंधांच्या बाजूने भाषण केले. घटना मंजूर झाली. दोन डॉलरचा मतदान कर आला, राज्यघटनेतले कलम वाचून किंवा ऐकून त्याचा अर्थ सांगण्याची परीक्षा आली, आणि अर्थ बरोबर की चूक हे ठरवणारा अधिकारी गोरा असे. ज्या राज्यात काळे लोक निम्म्याहून जास्त होते, तिथे दोन वर्षांत त्यांचे नोंदलेले मतदार नऊ हजारांच्या आत आले. मतदार नसलेल्याला ज्युरीत बसता येत नव्हते, म्हणून ज्युरी पुन्हा गोऱ्यांच्या झाल्या. साक्ष देण्याचा हक्क कागदावर राहिला. ऐकणारे कोणी राहिले नाही.